आठ वार लोकर आणि ॲबरडीनचा वारा

सप्टेंबरात नोकरीसाठी स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला येताय, निदान तीन वर्षं राहणार आहात, आणि किल्ट, म्हणजे इथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा लोकरी घागरा, फोटोपुरता न घालता रोज वापरायची इच्छा आहे, असं तुम्ही लिहिलंत. तुमचे प्रश्न तीन: रोजच्याला कोणता आरामशीर पडेल, सांगलीच्या शिंप्याकडून शिवून आणावा का, आणि आपण घातला तर इथल्या लोकांना खटकेल का. मी अकरा वर्षं डंडीत आहे आणि त्यातली आठ वर्षं आठवड्यातून चार दिवस तरी किल्टच घालतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शिवून आणण्याचं. नका आणू. तुमचा शिंपी कितीही हुशार असला तरी अडचण कापडाची आहे. पारंपरिक किल्टला एकेरी पन्ह्याचं आठ वार लोकरी कापड लागतं, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा फक्त एक वार कमी. फरक असा, की त्याच्या निऱ्या रोज घालाव्या लागत नाहीत. त्या मागच्या बाजूला कायमच्या शिवलेल्या असतात, आणि पुढे दोन सपाट पदर एकावर एक येऊन उजव्या कुशीवर पट्ट्या-बकलांनी बसतात. प्रत्येक निरी अशी मोजून घालतात, की मागूनही चौकटींची नक्षी अखंड दिसावी. खाली दुमड नसते, कापडाचा विणलेला काठच तिथे येतो. त्यामुळे लांबी चुकली तर खालून कापून भागत नाही, सगळं वरून उसवावं लागतं. हे काम हात बसलेला माणूसच करू जाणे.

आता मुख्य मुद्दा, आणि याच्यावरच सगळा आराम अवलंबून आहे: कापडाचं वजन. इथे ते औंसात (एक औंस म्हणजे साधारण अठ्ठावीस ग्रॅम) सांगतात, दुहेरी पन्ह्याच्या एका वारामागे. दहा-अकरा औंस हलकं, तेरा मध्यम, सोळा जाड. नवीन माणूस साहजिकच हलकं उचलतो, मीही उचललं होतं. पण हलक्या निऱ्या वाऱ्यावर उडतात, बसून उठलं की चुरगळलेल्याच राहतात, आणि दिवसभर तुमचा एक हात मागे कापड धरण्यात गुंततो. ॲबरडीन समुद्रावर आहे, तिथल्या वाऱ्याची कल्पना आल्याशिवाय यायची नाही. सोळा औंसाची निरी वाऱ्यात हलते, पण आपल्या जागी परत येते.

मग आठ वारांचा सोळा औंसाचा घ्यावा का? हिशेब करा. एकेरी आठ वार म्हणजे दुहेरी पन्ह्याचे चार, म्हणजे चौसष्ट औंस. पावणेदोन किलोहून जास्तच कमरेला! लग्नात एक दिवस मिरवायला उत्तम, पण बसमध्ये, कचेरीत, बाजारात रोज नाही. म्हणून माझा सल्ला ठाम आहे: कापड जाड घ्या आणि वार कमी करा. सोळा औंसाचा चार-पाच वारांचा किल्ट साधारण किलोभर भरतो. त्याला चपट्या पेटीसारख्या रुंद निऱ्या घालतात, त्या खुर्चीत बसताना टोचत नाहीत आणि इस्त्रीही लवकर होते. कचेरीत हीटर जोरात असेल तर तेरा औंस घ्या, त्याखाली उतरू नका.

माझा पहिला किल्ट पर्यटकांच्या गर्दीतल्या एका दुकानातून घेतलेला ॲक्रिलिकचा होता. दुकानदाराने पँटचा नंबर विचारला आणि त्यावरून काढून दिला. दोन तासांत तो कमरेवरून खाली सरकला, घामाने अंग खाजू लागलं, आणि पहिल्या पावसात निऱ्यांची घडी गेली. तेव्हा कळलं की पँटचा नंबर इथे काही कामाचा नाही. किल्ट बेंबीच्या पातळीवर बसतो, आपल्या पँटच्या बराच वर. माप बेंबीवरून घ्या, जेवण झाल्यावर, श्वास न ओढता. मग नितंबाचा सर्वांत रुंद भाग मोजा. मग बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मधोमधपर्यंत उंची. घालून गुडघ्यांवर बसलात तर काठ जमिनीपासून इंचभर वर राहायला हवा. त्याहून लांब असेल तर ओला काठ चालताना गुडघ्याच्या मागच्या मऊ कातडीवर घासतो आणि संध्याकाळपर्यंत ती सोलवटते.

हाताने शिवलेला नवा लोकरी किल्ट पाचशे पौंडांच्या पुढेच जातो. ती घाई करू नका. आधी जुन्या कपड्यांच्या धर्मादाय दुकानांत फिरा. तिथे चांगल्या गिरणीच्या कापडाचे, एखाद्या लग्नात दोनदा वापरलेले किल्ट मिळतात. बक्कल इंच-दीड इंच सरकवून घेता येतं. माझा सध्याचा आवडता किल्ट असाच मिळालेला आहे. पॉलिस्टर-व्हिस्कोजचे स्वस्त किल्ट मशीनमध्ये धुता येतात, बागकामाला वाईट नाहीत, पण गार पावसात लोकरीची ऊब त्यांना नाही.

खटकण्याबद्दल. किल्टच्या कापडावरच्या ठरावीक रंगांच्या चौकटींच्या नक्षीला टार्टन म्हणतात. कुठल्या घराण्याचा टार्टन कोणी घालावा याला कायद्याची आडकाठी नाही, अपवाद थोडे आहेत. बॅलमॉरल टार्टन राजघराण्यासाठी राखलेला आहे, तो टाळा. ब्लॅक वॉच, हंटिंग स्टुअर्ट हे सर्वांचे मानले जातात. गावांचेही टार्टन आहेत, ॲबरडीनचा आहे. जिथे राहतो त्या गावाचा रंग अंगावर घेणं मला सगळ्यात योग्य वाटतं. टार्टनची सरकारी नोंदवही 2009 पासून सुरू आहे, ती चाळून बघा. एक लक्षात ठेवा, की बहुतेक स्कॉटिश माणसं किल्ट लग्नात, पदवीदानाला, रग्बीच्या सामन्याला, कवी रॉबर्ट बर्न्सच्या आठवणीत होणाऱ्या 25 जानेवारीच्या बर्न्स रात्रीला घालतात, रोज नाही. तेव्हा लोक बघतील, विचारतील. 1746 च्या कायद्याने हायलँडच्या, म्हणजे उत्तर-पश्चिमेच्या डोंगराळ भागाच्या, पुरुषांना हाच पोशाख घालायला बंदी होती, ती 1782 साली उठली. हे ठाऊक असलं की म्हातारी माणसं तुमच्याशी फार प्रेमाने बोलतात. माझा तरी कोणी अपमान केलेला नाही.

बसायची सवय मात्र लावावी लागते. खुर्चीजवळ गेलात की तळहात मागे फिरवून निऱ्या खाली सपाट करत बसायचं, आपल्या आज्या लुगडं सावरत बसायच्या तसं. गुडघे जवळ. आत अंडरवेअर घाला. किल्टच्या आत काही घालायचं नाही असा समज आहे, त्यावरून चेष्टा होते, ती मनावर घ्यायची नाही. रोज घालायच्या कपड्याला स्वच्छता आधी. किल्टला खिसे नसतात, म्हणून पुढे स्पोरन, म्हणजे चामड्याची पिशवी. रोजच्यासाठी साधा चामड्याचा, झालर नसलेला. त्याची साखळी मागे कापड घासून विरवते, तेव्हा चामड्याचाच पट्टा घ्या. मोज्यात खोचायची छोटी सुरी राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून कायद्यात बसते, पण रोज न्यायचं कारण नाही, आणि विमानात हातातल्या सामानात तर अजिबात नाही. सायकल चालवणार असाल तर त्या दिवशी पँट घाला.

भिजलात तर हीटरवर वाळत घालू नका, पट्ट्याने टांगून खोलीतच सुकू द्या. महिना-दोन महिन्यांनी निऱ्यांना कच्चा धावदोरा घालून ओल्या फडक्यावरून इस्त्री करा. उन्हाळ्यात कपाटात ठेवताना आधी घासून झटका, नाहीतर कसर लागते आणि भोकं नेमकी पुढच्या पदरावर पडतात. पश्चिम हायलँडला फिरायला जाल तेव्हा मे ते सप्टेंबर मिजेस नावाची बारीक चिलटं उघड्या गुडघ्यांवर तुटून पडतात, मोजे वर ओढायला विसरू नका.

सांगलीहून फक्त शिंप्याची टेप घेऊन या. आल्यावर पहिल्या रविवारी डंडीला या, माप आपण घेऊ, आणि माझे दोन्ही वजनांचे किल्ट अर्धा-अर्धा तास घालून टे नदीच्या काठाने चालून बघा.