कात तुटक निघते, पोटावर डाग पडतात

प्रश्न : आमच्याकडे तीन वर्षांची बॉल पायथन (पाळला जाणारा, बिनविषारी आफ्रिकी अजगर) मादी आहे. एरवी तिची कात मोज्यासारखी अखंड निघत असे. एप्रिलपासून मात्र ती तुकड्यातुकड्यांनी निघते. हवा कोरडी असेल म्हणून पेटीतील नारळाच्या भुशीवर आम्ही रोज पाणी शिंपडू लागलो. आता पोटाच्या काही खवल्यांवर तपकिरी डाग दिसतात आणि उजव्या डोळ्यावर धूसर पापुद्रा राहिला आहे. तो चिमट्याने काढावा का? डागांना हळद आणि खोबरेल तेल लावले तर चालेल का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, पहिलीवर जो उपाय केला, त्यातूनच बहुधा दुसरी उद्भवली आहे. कात टाकण्यापूर्वी जुन्या आणि नव्या त्वचेच्या मध्ये द्रव साचतो, म्हणूनच त्या दिवसांत सापाचे डोळे निळसर-दुधी दिसतात. हवा फार कोरडी असेल किंवा सापाच्या शरीरातच पाणी कमी असेल, तर दोन थर नीट सुटे होत नाहीत. हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तो दिवसा उंदरांच्या बिळांत किंवा वारुळांत दडून राहतो आणि त्याला साधारण 60 टक्के आर्द्रता मानवते. मे महिन्यातील नागपूरची दुपार त्याच्या जवळपासही येत नाही.

मात्र ओलावा हवेत हवा, अंगाखाली नव्हे. सतत ओल्या भुशीवर पडून राहिल्याने पोटाचे खवले मऊ पडतात आणि त्यांत जिवाणू किंवा बुरशी शिरते. म्हणून भुशी आजच काढून टाकावी, पेटी स्वच्छ करून कोरडी करावी, खाली साधा कागद अंथरावा आणि तो मळताच बदलावा. पेटी पुसण्यासाठी फिनाईल वापरू नये. ते सापांना विषारी ठरते. आर्द्रतेसाठी पाण्याचे भांडे मोठे ठेवावे, जाळीच्या झाकणाचा काही भाग झाकावा आणि पेटीच्या आतच आर्द्रतामापक लावावा. खोलीत वाळ्याचा कूलर असेल तर तो या कामी उपयोगीच आहे, फक्त त्याचा झोत थेट पेटीवर येऊ देऊ नये. एसीने मात्र हवा आणखी कोरडी होते.

हळद आणि तेल दोन्ही टाळावे. घरगुती उपायांवरील आपला विश्वास मी समजू शकतो, परंतु तेलामुळे जखम वाळत नाही, तिच्यात घाण धरून राहते आणि संसर्ग आत रक्तापर्यंत पोहोचला, तर साप दगावू शकतो. कात टाकण्याच्या आधी पोट गुलाबी दिसणे स्वाभाविक आहे. पण कडा तपकिरी होणे, खवला उचलला जाणे, फोड, स्राव किंवा दुर्गंधी ही आजाराची लक्षणे होत. हीट मॅटने (पेटीला ऊब देणाऱ्या विजेच्या चटईने) भाजल्याचे डागही असेच दिसतात, तेव्हा तिचे तापमान नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट तपासावा. खोलीच 35 अंशांच्या वर जात असेल तर मॅट बंद ठेवणेच योग्य. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करतात का, हे आधी फोनवर विचारून पशुवैद्यांकडे या आठवड्यातच जावे. बहुतेक वेळा प्रतिजैविके लागतात आणि ती अंदाजाने देण्यासारखी नाहीत.

डोळ्याला चिमटा मुळीच लावू नये. सापाला उघडमीट करणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि जुना ओढताना खालचा नवाही फाटू शकतो. पशुवैद्य वंगण देणारे थेंब सांगतील. पुष्कळदा पुढच्या कातीबरोबर पापुद्रा आपोआप सुटतो. डोळ्याच्या कडेला काळे, हलणारे ठिपके दिसल्यास ते गोचिडांसारखे परजीवी असतात, हेही पशुवैद्यांना सांगावे. या जातीची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर करणे कायद्याने बंधनकारक आहे. ती झालेली नसल्यास विलंब करू नये.

प्रश्न : अंगणात आलेल्या धामणीच्या शेपटीवर जुनी कात लोंबत आहे. पकडून, भिजवून सोडून द्यावी का?
— एक वाचक, वर्धा मार्ग

उत्तर : नाही. रानातील साप दगडांवर, काट्याकुट्यांवर अंग घासून कात स्वतःच सोडवतो. शिवाय धामण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तिला पकडणे वा घरी ठेवणे हा गुन्हा ठरतो. उघडी जखम दिसत असेल, तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे; सेमिनरी हिल्स येथील ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये जखमी वन्यप्राण्यांवर उपचार होतात.