बी.कॉम. झालेला पोरगा रॅकला स्टिकर चिकटवतो, नोकरी सोडायला लावू का?

रामराम भाऊ,

पत्र वाचलं. मुलगा अमळनेरहून रेल्वेने जळगाव एमआयडीसीला अप-डाऊन करतो, पाइप-फिटिंगच्या गोडाऊनमध्ये लागलाय, आणि सध्या दिवसभर रॅकला नंबर टाकून स्टिकर चिकटवतो. गावात कोणी "भाऊ, तुमना पोऱ्या काय करी ऱ्हायना?" विचारलं की तुम्हाला सांगायला लाज वाटते, म्हणून नोकरी सोडून बँकेच्या परीक्षेला बसवायचा विचार आहे. माझं मत सरळ सांगतो, आत्ता सोडायला लावू नका.

आपल्याकडच्या बऱ्याच गोडाऊनमध्ये कुठला माल कुठं आहे हे एकाच जुन्या माणसाच्या डोक्यात असतं, तो लग्नाला गेला की डिस्पॅच बंद. ६३ एमएमचा एल्बो (पाइप वळवायचा कोपऱ्याचा जोड) आणि ७५ चा एल्बो लांबून सारखेच दिसतात, चुकीचा गेला की ऐन हंगामात डीलर फोनवर शिव्या घालतो आणि गाडीभाडं मालकाच्या अंगावर. म्हणून प्रत्येक खणाला पत्ता द्यायचा. समजा ए-०३-२-०५, म्हणजे ए गल्ली, तिसरी रॅक, दुसरी लेव्हल, पाचवा खण. आता ३ न लिहिता ०३ का, तर एक्सेलमध्ये असे अक्षर-आकड्यांचे कोड क्रमाने लावले की पुढं शून्य नसलेल्या आकड्यांचा क्रम १, १०, ११ आणि मग २ असा येतो, माणूस उगाच गल्लीत मागं-पुढं पळत राहतो. लेव्हल खालून वर मोजतात, कारण उद्या वर एक लेव्हल वाढवली तरी खालचे नंबर बदलावे लागत नाहीत. इंग्रजी ओ आणि आय ही अक्षरं कोडमध्ये टाळतात, शून्य आणि एक समजून घोळ होतो. रोज लागणारा माल कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर, वर्षात दोनदा निघणारा वरती. हे ठरवणारा माणूस आणि नुसता स्टिकर लावणारा माणूस, दोघांच्या पगारात बराच फरक असतो बरं का, आणि तुमचा मुलगा पहिल्याच्या शेजारी उभा आहे.

स्टिकरचंसुद्धा साधं नाही. रिबन (शाईची फीत) न लावता नुसत्या उष्णतेवर छापलेलं थर्मल लेबल पत्र्याच्या शेडमध्ये जळगावच्या मे महिन्यात काळं पडतं, बारकोड स्कॅनच होत नाही, त्यामुळे रिबनवाला प्रिंट लागतो, आणि चिकटवायच्या आधी रॅकची धूळ पुसावी लागते नाहीतर पंधरा दिवसांत गळून खाली.

मुलाला सांगा, स्टिकर लावून झाले की तो कोड कॉम्प्युटरमध्ये कोण भरतं ते बघ आणि त्याच्या शेजारी बस. टॅलीमध्ये गोडाऊनचा भाग असतो, मोठ्या कंपन्यांत सॅप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खणाचा बिन नंबर असतो, तिथं हात बसला की तो हेल्पर राहत नाही, स्टोअर असिस्टंट होतो. बी.कॉम. इथंच कामाला येतं, स्टॉक आणि हिशोब जुळवणारा माणूस सगळ्यांनाच हवा असतो. २०१७ ला जीएसटी आल्यावर दर राज्यात छोटा डेपो ठेवायची गरज कमी झाली, कंपन्या मोठी गोडाऊनं करायला लागल्या, भिवंडी, चाकणकडे पुढची नोकरी तिथूनच निघते. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटचे नोकरी सांभाळून करता येणारे डिप्लोमा आहेत, पण ते वर्षभर काम झाल्यावर बघा, आत्ता फी भरायची घाई नको.

बँकेची तयारी करायची तर करू दे की, गाडीत जाता-येता वेळ मिळतोच, पण नोकरी सोडून नको. मात्र वर्ष झालं आणि तरीही कॉम्प्युटरजवळ फिरकू देत नसतील तर खुशाल दुसरीकडं बघा, तिथं अडकून राहण्यात अर्थ नाही.

आणि एक, पगार किती ते तुम्ही लिहिलंच नाही. कंपनीच्या रोलवर आहे की कॉन्ट्रॅक्टरकडून लावलाय, पीएफ कापतात का, एवढं कळवा, त्यावरून माझा सल्ला थोडा बदलू शकतो.