सामाजिक की समाजवादी वास्तववाद? आणि मुळात वास्तव आलं कुठून

विचारलंय असं की अर्कादी प्लास्तोव्ह या सोव्हिएत चित्रकाराला एका लेखात सामाजिक वास्तववादी म्हटलंय, दुसऱ्यात समाजवादी वास्तववादी, तर बरोबर काय, आणि वास्तव हा शब्द कसा बनला. पहिल्याचं उत्तर समाजवादी. ही गल्लत चांगले चांगले कलासमीक्षक करतात त्याची खरंच चीड येते. सामाजिक वास्तववाद म्हणजे १९३० च्या दशकात अमेरिकेत बेन शान वगैरे लोक बेकारी, अन्याय रंगवत होते ते, त्यात व्यवस्थेवर टीका होती. समाजवादी वास्तववाद ही कला-साहित्यासाठी सोव्हिएत सरकारची अधिकृत पद्धत, १९३४ च्या लेखकांच्या अधिवेशनात ठरलेली. दोन्ही एक कसे होतील?

आता वास्तव. ते वस्तूवरून आलं हे सगळेच सांगतात आणि तिथंच थांबतात, पण वस्तू कुठून आली? उणादिसूत्रांत, म्हणजे धातूंपासून शब्द कसे बनतात ते सांगणाऱ्या संस्कृत व्याकरणातल्या सूत्रांत, 'वसेस्तुन्' असं दिलंय, म्हणजे वस् धातूला तुन् प्रत्यय, आणि वस् म्हणजे राहणे! वास्तू त्यातलीच, वास्तव्य त्यातलंच, आपली वस्तीसुद्धा. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ लावू नये असं भाषाशास्त्रवाले दरडावून सांगतात, मला ते इथं अजिबात मान्य नाही. माझं म्हणणं, जो वास्तव्य करून चित्र काढतो तो वास्तववादी, आणि प्लास्तोव्ह नेमका तसा होता. १८९३ ला प्रिस्लोनिखा गावात जन्मला, मॉस्कोत शिकून गावी परतला, १९३१ च्या आगीत घर आणि तोवरची जवळपास सगळी चित्रं जळाली तरी तिथंच काम करत राहिला, १९७२ ला गेला तोही त्याच गावात. चित्रांत माणसं गावातलीच. त्याचं १९४५ चं 'सुगी' बघा, शेतात जेवायला बसलेत एक म्हातारा आणि पोरं, घरातला तरणा गडी एकही नाही कारण ते सगळे युद्धावर गेलेले. उज्ज्वल भविष्य दाखवा म्हणणाऱ्या त्या सरकारी धोरणातून हे चित्र येत नाही, त्या गावात राहणाऱ्यालाच ती रिकामी जागा दिसते. आणि तरी याच चित्राला, 'गवतकापणी'सोबत, १९४६ चं स्टालिन पारितोषिक मिळालं! १९४२ च्या 'फॅसिस्ट विमान उडून गेलं' मध्ये तर गुराखी पोरगा गवतात मरून पडलाय, कुत्रं रडतंय, विमान लांब गेलेलं.

हल्ली काही जण हिंदीतून यथार्थवाद उचलतात. हिंदीत तो शब्द रुळलाय, ठीक आहे, पण मराठीत वास्तववाद असताना तो ओढून आणायचं काहीच कारण नाही.