उताराच्या जमिनीत पेरणीला कोणतं यंत्र घ्यावं?

प्रश्न : वाळपईजवळ आमची दोन हजार चौरस मीटर जमीन आहे. जुने काजू काढले, आता पावसाळी चवळी, भेंडी, दोडकी लावायची आहेत. उतार दहा मीटरला दीड मीटर. गेल्या पावसात वरची माती खालच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) जाऊन पडली. दुकानदार सात एचपीचा पॉवर वीडर घ्या म्हणतो. घ्यावा का?
– एक वाचक, सत्तरी

यंदा तरी घेऊ नका. जांभ्यावरची माती मुळातच पातळ. वीडर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती उकरणारं यंत्र, ती सगळीच्या सगळी भुसभुशीत करतो, आणि आपल्या गोव्यातला तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. चवळीच्या पानांनी जमीन झाकायला पाच-सहा आठवडे लागतात. त्याआधीच आषाढातली झड येते आणि मोकळी माती उतरणीला लागते. शिवाय पाती दरवर्षी एकाच खोलीवर फिरली की खाली घट्ट थर बसतो. पाणी त्या थरापर्यंत मुरतं आणि मग त्याच्यावरून वाहत वरची माती घेऊन जातं. उतारावर अवजार निवडताना कमीत कमी माती उघडी पाडणारं निवडायचं, हीच कसोटी.

पैसे खर्च करण्याआधी समपातळी रेषा, म्हणजे उताराला आडव्या, एकाच उंचीवरून जाणाऱ्या रेषा, आखून घ्या. दोन मीटर लांबीच्या दोन बांबूंचा इंग्रजी ए अक्षरासारखा सांगाडा बांधा. मधे आडवी काठी आणि टोकावरून दगड बांधलेली दोरी सोडा. दोन्ही पायांमधलं अंतर दोन मीटर ठेवा. पाय टेकतात तिथे खुंट्या ठोका, दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करा. मग सांगाडा फिरवून पायांची अदलाबदल करा, पुन्हा खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे तुमची पातळी. आता एका पायाच्या तळाला एक सेंटिमीटरची लाकडी चकती बांधा आणि तो पाय नेहमी पाणी बाहेर काढायच्या बाजूला ठेवा. दोरी मधल्या खुणेवर येईल तसा सांगाडा टेकत, खुंट्या ठोकत पुढे चला, म्हणजे रेषेला दोनशेला एक असा उतार मिळतो. आपल्या पावसात हा हलका उतार हवाच. अगदी सपाट रेषेवरचा चर भरला की त्याच्या सर्वांत सखल जागी फुटतो आणि तिथूनच घळ पडायला सुरुवात होते. पाणी जिथे बाहेर पडेल तिथे दगड रचा किंवा गवत राखा.

माती अडवायला या रेषांवर वाळा (खस गवत) लावा. तुमच्या उताराला प्रत्येक मीटर उतरणीमागे एक ओळ धरली तर दोन ओळींमध्ये साधारण साडेसहा मीटर अंतर येतं. जमीन उताराच्या दिशेने पन्नास मीटर आणि आडवी चाळीस मीटर असेल तर सात ओळी, म्हणजे 280 मीटर. दर पंधरा सेंटिमीटरला दोन-तीन फुटव्यांचा एक ठोंब धरला तर जवळजवळ 1,900 ठोंब लागतील. एवढी रोपं एका वर्षात जमत नाहीत. यंदा एक सोडून एक ओळ लावा, पुढच्या वर्षी त्याच ओळींतले ठोंब फोडून उरलेल्या भरा. पानं वीतभर ठेवून छाटायची, मुळं आठ-दहा सेंटिमीटर. मिरगाच्या पहिल्या दोन सरी पडल्या की लगेच लागवड करा. उशीर झाला तर मुळं धरण्याआधीच ठोंब वाहून जातात. जुने गोवे परिसरात एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे काजूच्या उतारावर समपातळी चर आणि वाळ्याच्या पट्ट्यांवर काम झालं आहे. एकदा जाऊन बघणं सार्थकी लागेल.

आता पेरणीचं यंत्र. चवळी 45 बाय 20 सेंटिमीटरवर टोकायची तर तुमच्या जागेत बावीस हजार टोकणं होतात. दोन दाण्यांप्रमाणे पाच-सहा किलो बी लागतं. हाताने दाबायचं, चोचीचं टोकण यंत्र पालापाचोळ्यातूनही चालतं, नांगरणी लागत नाही, पण बावीस हजार वेळा दाबायचं म्हणजे खांदा दुखणारच. चाकाचं, ढकलायचं टोकण यंत्र काम झपाट्याने उरकतं, मात्र त्याला खड्याविना माती हवी. पेरायच्या जागी लोखंडी सळी दहा-वीस ठिकाणी पाच सेंटिमीटर खुपसून बघा. निम्म्याहून जास्त वेळा खडा लागला तर चाकाच्या चोची दगडावरून उड्या मारतील आणि बी उघड्यावर पडेल. तिथे हाताचंच घ्या.

कुठलंही घ्या, आधी तपासणी करा. ताडपत्रीवर दहा मीटर चालवा आणि दाणे मोजा. 20 सेंटिमीटरवर पन्नास टोकणं, दोन दाण्यांचे शंभर. एकशे वीसच्या वर गेले तर यंत्रातल्या बी सोडणाऱ्या चकतीचं भोक मोठं आहे. सत्तरच्या खाली आले तर दाणे भोकात अडकताहेत. बी चाळून एकसारखं करा किंवा चकती बदला. चिखलात चोची तुंबतात आणि बंद चोचीतून बी पडत नाही. म्हणून मुठीत दाबलेली माती मोकळी होत असेल तेव्हाच पेरा. खोली तीन सेंटिमीटर पुरे. भेंडीच्या बियांना वेगळी चकती लागते, आणि दोडकी तर आळ्यातच हाताने लावायची, त्यासाठी यंत्र नको.

प्रश्न : काणकोणच्या डोंगरउतारावर खोला मिरची लावतो. खड्डे पाडायला पेट्रोलचा ऑगर उपयोगी पडेल का?
– एक वाचक, काणकोण

मिरचीच्या रोपाला खुरप्याने केलेला छोटा खड्डा पुरतो. ऑगरने ओल्या मातीत भोक पाडलं तर त्याच्या भिंती गुळगुळीत लिंपल्यासारख्या होतात, पाणी आत साचतं आणि मुळं कुजतात. उतारावर ही मिरची जमते ती मुळाशी पाणी थांबत नाही म्हणून, आणि नेमका तोच फायदा हातचा जातो. जांभ्याला पातं अडकलं तर यंत्र मनगटाला जोराचा हिसका देतं, हा धोका वेगळाच. काजूच्या कलमाला साठ सेंटिमीटर लांब, रुंद, खोल खड्डा हवा, तोही वीस-तीस सेंटिमीटरच्या ऑगरने होत नाही. कुंपणाचे खांब आणि गिरिपुष्पाच्या काठ्या रोवायला मात्र ऑगर झकास. भाड्याने मिळत असेल तर तेवढ्यापुरता आणा.

प्रश्न : अनुदान मिळतं का?
– एक वाचिका, धारबांदोडा

कृषी कार्ड घेऊन विभागीय कृषी कार्यालयात जा आणि यंत्र विकत घेण्याआधी विचारा. कोणत्या मॉडेलला अनुदान आहे ते तिथेच कळेल, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

प्रश्न : पॉवर वीडर आधीच घेतलेला आहे. उताराच्या मोरड (उंचावरच्या) जमिनीत कसा वापरू?
– एक वाचक, सांगे

बाहेरच्या पात्यांचे संच पिन काढून उतरवा. आतले दोनच ठेवले की अरुंद पट्टीच उघडेल, मधली जमीन गवतासकट तशीच राहील. मागची खोलीची दांडी अशी लावा की पातं सात-आठ सेंटिमीटरहून खोल जाणार नाही. चालताना रेषा धरून आडवंच चाला, उभ्या उतारावर कधीही नाही. यंत्र खालच्या बाजूला घसरत असतं, म्हणून हँडल किंचित वरच्या अंगाला ओढून धरा.

तण काढायला मात्र वीडर फिरवू नका. ब्रश कटरने चार बोटं उंची ठेवून कापा आणि कापलेलं तिथेच पसरा. काजूच्या कोवळ्या खोडाजवळ नायलॉनची दोरी चालवली तर साल सोलली जाते, तिथे कोयतीच बरी. खडे उडतात, म्हणून डोळ्यांना चष्मा, पायांना संरक्षक पट्ट्या हव्यातच, आणि पंधरा मीटरच्या आत कुणी उभं राहू देऊ नका.

इंजिनाचीही काळजी घ्या. वीडरचं इंजिन फोरस्ट्रोक असेल तर तेल खालच्या टाकीत असतं. यंत्र बराच वेळ कललेलं राहिलं तर तेल एका बाजूला जातं आणि दांडा कोरडा फिरून धरतो. दहा मीटरला दीड मीटर उतार म्हणजे साडेआठ अंश, तेवढं चालतं. दहा मीटरला साडेतीन मीटरच्या पुढे मात्र वीडर न्यायचाच नाही, तिथे कुदळ आणि हाताचं टोकण यंत्र. तेलाची पातळी रोज, यंत्र सपाट जागी उभं करून बघा.