मृग निघाला तरी दिसत का नाही?

कैरो

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर विचारलंस, ‘आजी म्हणाली मृग निघाला, म्हणून मी रात्री गच्चीवर गेले, तर मृग कुठंच नाही!’ तुझंही बरोबर आणि आजीचंही. 7 जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात येतो, त्याला आपण ‘मृग निघाला’ म्हणतो. आता सूर्याला चिकटून बसलेल्या चांदण्या दिसणार कशा? मृग बघायचा तर थंडीत.

इथल्या जुन्या लोकांची तऱ्हा उलटी. ते तारा परत दिसायची वाट बघत. आपला मृग तो त्यांचा साह देव. आपला व्याध ती सोपदेत देवी, डोक्यावर तारा मिरवणारी. आपल्याकडे व्याध हरणामागे लागलाय, मधल्या तीन चांदण्या म्हणजे त्याचा बाण. इथं तेच दोघे नवरा-बायको! सेनेनमुत नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात छतावर चित्र आहे. साह नावेत उभा, आणि मान वळवून मागच्या सोपदेतकडे बघतोय. मला हे शिकारीपेक्षा आवडलं. आजीला सांगू नकोस.

सोपदेत वर्षातून सुमारे 70 दिवस गायब असे. मग ऐन उन्हाळ्यात एका पहाटे, सूर्य उगवायच्या जरा आधी, पूर्वेला क्षणभर चमकून जाई. त्याच दिवसांत नाईलला पूर चढे, आणि पुराच्या गाळावर गहू पिके. इथं पाऊस नावालाच, तेव्हा इथल्या शेतकऱ्याचा ‘मृग’ तो हाच. ममी तयार करायलाही 70 दिवसच लागत.

परवाच्या शुक्रवारी सुट्टी होती, सक्कारात उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये उतरलो. कमरेत वाकून जावं लागतं. आत ताठ उभा राहिलो आणि वर पाहिलं, तर छतभर पाच टोकांच्या चांदण्या. अगदी तू वहीत काढतेस तशा, पण 4,300 वर्षांपूर्वीच्या! भिंतींवर राजाला आभाळात पोचवायचे मंत्र कोरलेत, त्यांत साहचंही नाव आहे.

ऑगस्टच्या सुरुवातीला व्याध इथं पहाटे परत दिसू लागेल. तुमच्याकडे तेव्हा ढग असणार. मी बघून फोन करतो. तोवर यंदा आर्द्राचं वाहन काय आहे ते आजीला पंचांगात बघायला सांग. बेडूक निघाला तर गच्चीवरची वाळवणं आधी आत घ्या.

तुझा,
बाबा