इटालियन आडनावात एवढे संत कुठून आले?

प्रश्न: सातपूर एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत इटलीहून पॅकिंग मशीन बसवायला तिघं आलेत. एक सम्मार्तिनो, दुसरा सान्तोरो, तिसरा दे सान्तिस. कॅन्टीनमधे एकाने मिसळीची पैज लावलीय की ही सगळी संतांच्या वंशातली घराणी. खरंय का हो? – एक वाचक, नाशिक

उत्तर: मिसळ वसूल करा त्याच्याकडून, वंशाबिंशाचा काही संबंध नाही. तिकडे बाप्तिस्म्याला पोराला संताचं नाव ठेवायची पद्धत फार जुनी आणि आडनावं पडायला लागली तेव्हा अमक्याचा मुलगा म्हणून बापाचं नाव मागे लागलं ते लागलंच. दि पिएत्रो म्हणजे पिएत्रोचा, तर हा पिएत्रो म्हणजे सेंट पीटर नव्हे, त्या घरातला कुणीतरी खापरपणजोबा. पुढे १५६३ मधे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने बाप्तिस्म्याच्या न् लग्नाच्या नोंदी चर्चमधे ठेवायची सक्ती केली, मग ही नावं अजून पक्की झाली.

खरी मजा नावं मोडून वापरण्यात आहे. निकोलाचं लाडाने कोला, त्याचं कोलुच्ची. जोव्हान्नीचं व्हेनिसकडे झान, म्हणून झानेत्ती. रेडिओवाला मार्कोनी मार्कोवरून आणि फुटबॉलवाला डेल पिएरो परत आपल्या पिएत्रोवरूनच. कुठला संत दिसतो त्यावरून कधीकधी मुलूख पण कळतो, दि जेन्नारो म्हटलं की नेपल्सकडचा आणि आम्ब्रोजेत्ती म्हटलं की मिलानकडचा असायची शक्यता जास्त, कारण जेन्नारो आणि आम्ब्रोजो हे त्या त्या शहराचे रक्षक संत.

तुमच्या सम्मार्तिनोची गोष्ट वेगळी. 'सान' म्हणजे संत, तो शब्द नावात टिकून राहिलाय (पुढच्या 'म'मुळे 'सम' झालाय एवढंच) म्हणजे ते बहुतेकदा गावाचं नाव असतं, सान मार्तीनो नावाची गावं इटलीत ढिगाने आहेत, आणि चांदवड सोडून नाशकात आलेला जसा चांदवडकर होतो तसंच हे. सान्तोरो मला सगळ्यात आवडतं. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण असतो, त्याच्या आसपास जन्मलेल्या पोराला लॅटिन सांक्तोरुमवरून हे नाव ठेवायचे, म्हणजे एक संत निवडायची भानगडच नको! दे सान्तिस म्हणजे सान्ते किंवा सान्ती नावाच्या माणसाची मंडळी, हे नावही याच सणाशी जोडलेलं.

आणि हो, मशीनवाल्यांचं ऑफिस मिलानला असेल तर ७ डिसेंबरला सर्व्हिस कॉल लावू नका, सांत आम्ब्रोजोची सुट्टी असते, आणि ८ ला तर अख्ख्या देशाला.