ऐपतीबाहेरचा आवाज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो आणि एका सहकारी संस्थेत लेखापाल आहे. रागसंगीत ऐकण्याची सवय मला वडिलांकडून लागली. सात वर्षांपूर्वी अठरा हजार रुपयांत जमवलेला संच घरी आहे; त्यात दोन लहान बुकशेल्फ स्पीकर आणि एक साधा ॲम्प्लिफायर एवढेच आहे. गेल्या महिन्यात कामासाठी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेलो असता एका स्नेह्याने मला उंची ध्वनिसंचांच्या दालनात नेले. तिथे साडेअकरा लाखांचा संच मांडलेला होता आणि मालकांनी त्यावर पाऊण तास यमन ऐकवला. तानपुऱ्याचा खर्ज अक्षरशः छातीत जाणवत होता. त्या दिवसापासून घरचा संच लावला की पाचव्या मिनिटाला बंद करतो. पतपेढीतून कर्ज मिळण्यासारखे आहे. पत्नीचे म्हणणे असे की, पुन्हा तिकडे फिरकूच नका. एवढ्या पैशांत नेमके काय मिळते? आणि जे परवडणार नाही, ते ऐकायला जावे तरी का? आमचा हॉल १० बाय १४ फुटांचा आहे, खाली गुळगुळीत टाइल्स आहेत आणि एका बाजूला पूर्ण सरकती काच आहे. – एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : कर्ज काढू नये, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे उत्तर आपल्याला शांतपणे वाचता येईल. ऐकायला मात्र अवश्य जावे, आणि शक्य झाल्यास वहिनींनाही बरोबर न्यावे.

आपल्या पत्रातील एका वाक्याशी मी बराच वेळ अडखळलो. तानपुऱ्याचा खर्ज छातीत जाणवला, असे आपण लिहिता. आपण कधी खऱ्या तानपुऱ्याशेजारी बसला असाल, तर आठवून पाहा. तानपुरा हे हलक्या आवाजाचे वाद्य आहे. तो खोलीभर पसरतो, पण छातीवर कधी येत नाही. गायकाचा षड्ज काळी एकचा, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, धरला, तर तो सुमारे १३९ हर्ट्झवर येतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर लागते. मात्र जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या घडणीमुळे येणाऱ्या झंकारामुळे, त्या तारेतील बरीचशी शक्ती मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या उपस्वरांमध्ये वाटली जाते आणि मूळ स्वर त्या मानाने क्षीण असतो. तो छातीत जाणवण्याइतका मोठा झाला, याचा अर्थ त्या दालनात तानपुरा बैठकीत वाजतो त्याहून कितीतरी मोठ्याने वाजत होता. आपल्याला जे भावले, त्याचा बराच भाग किमतीचा नसून आवाजाच्या पातळीचा होता, असे माझे मत आहे.

हे मत निव्वळ अंदाजाचे नाही. पातळी कमी झाली की आपल्या कानाला खर्जाकडचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा अधिक वेगाने क्षीण वाटू लागतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ साली हे मोजून प्रसिद्ध केले. दालनात शेजारी नसतात. आपण घरी रात्री साडेनऊनंतर, वरच्या मजल्यावरच्या लोकांची काळजी घेत, बेताच्या आवाजात ऐकत असणार. तेव्हा तोच यमन त्याच साडेअकरा लाखांच्या संचावर लावला असता, तरी त्याचा तळ हरवलेला वाटला असता. पातळी वाढवण्याचा हिशेबही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. शक्ती दुप्पट केली की केवळ ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज ढोबळमानाने दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती, लागते.

आता घरचे लहान स्पीकर. त्यांतून ६९ हर्ट्झचा स्वर नीटसा निघत नाही, तरीही इतकी वर्षे आपल्याला खर्ज ऐकू येत होताच. याचे कारण असे की, उपस्वरांची मालिका शाबूत असली, तर मेंदू गाळलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवरही तानपुरा ओळखू येतो तो यामुळेच. मुंबईत तो स्वर आपल्याला मेंदूच्या मदतीशिवाय, हवेतून मिळाला. हा अनुभव खरा आहे आणि त्याची भूल पडणे स्वाभाविक आहे.

दुसरा मोठा वाटा खोलीचा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी नेमकी बसते, तो स्वर त्या खोलीत फुगतो. आपल्या हॉलची १० फुटांची रुंदी सुमारे ५६ हर्ट्झचा स्वर फुगवते. छत बहुधा साडेनऊ फुटांवर असेल. तसे असल्यास उंचीचा स्वर सुमारे ५९ हर्ट्झवर येतो. हे दोन्ही एकमेकांना खेटून असल्यामुळे त्या पट्ट्यात घुमारा साचतो, आणि डग्ग्याच्या मींडेचे, म्हणजे घसरत्या नादाचे, खालचे टोक याच पट्ट्याच्या आसपास असल्याने तबलजीने केलेली नजाकत एका गोळ्यासारखी ऐकू येते. अशा खोलीत छातीएवढ्या उंचीचे, खोल खर्ज देणारे स्पीकर आणून ठेवले, तर हा दोष कमी न होता वाढतो. साडेअकरा लाखांचा संच आपल्या हॉलमध्ये साडेअकरा लाखांचा राहणार नाही, हे विक्रेता सहसा सांगत नाही. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांमधील अडचणीच्या जागेसाठी एलएस थ्री-फाइव्ह-ए हा छोटा स्पीकर तयार केला, तेव्हा खोल खर्जाचा मोह जाणूनबुजून सोडून दिला होता. त्या स्पीकरचे चाहते आजही कमी नाहीत.

डोळ्यांचा वाटाही धरायला हवा. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली सादर केलेल्या प्रयोगात श्रोत्यांनी तेच स्पीकर एकदा पाहत आणि एकदा पडद्याआडून ऐकले. स्पीकर दिसत असताना त्यांचा आकार आणि डौल गुणांमध्ये उतरला. पडद्याआड गेल्यावर स्पीकरांना मिळालेल्या गुणांमधील फरक घटला. हे श्रोते अननुभवी होते असेही नाही. तेव्हा आपण फसलो, असे वाटून घेऊ नये.

मग जास्तीच्या पैशांत काहीच मिळत नाही का? मिळते. मोठ्या खोलीत, मोठ्या पातळीवर, आवाज न चिरकता आणि न गुदमरता खालपर्यंत जाणे, हे स्पीकरमधील हलणाऱ्या मोठ्या पडद्याचे आणि जड, आतून आडव्या पट्ट्यांनी बांधलेल्या खोक्याचे काम आहे, आणि ते स्वस्तात होत नाही. जोडीतील दोन्ही स्पीकर तंतोतंत सारखे असणे आणि बाजूला फाकणारा आवाजही समोरच्या आवाजासारखाच समतोल असणे, यांनाही मोल पडते. याच्या पुढचे पैसे लाकडाच्या झिलईत, आयातीत आणि थोड्या संख्येने वस्तू बनवण्यात जातात. ॲम्प्लिफायरबाबत, तो आपल्या मर्यादेत चालत असेल तर, फरक लहान असतो. स्पीकरला जोडणाऱ्या तारेबाबत तर मी अगदी कोता माणूस आहे : घराच्या वायरिंगला वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटर ओढली, तरी जाऊन येऊन तिचा रोध ०.०८ ओहमहून कमी भरतो, आणि ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. या वाक्यावर मला रागाची पत्रे येतील, याची कल्पना आहे.

ज्या नाशकात विष्णु दिगंबर पलुस्करांनी रामनाम आधाराश्रम उभारला, तिथल्या श्रोत्याच्या संग्रहात त्यांचे चिरंजीव, गायक द. वि. पलुस्कर नसतील, असे होणार नाही. दत्तात्रेयबुवा १९५५ साली गेले आणि स्टीरिओ ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या त्या १९५८च्या सुमारास. म्हणजे त्यांचे सगळे ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचे (मोनो) आहे, दोन्ही स्पीकरांतून तेच ऐकू येते. दोन स्पीकरांच्या मध्ये अवकाश उभा करणे हा उंची संचाचा मोठा गुण या गाण्यापुढे बिनकामाचा ठरतो. पुढच्या वेळी दालनात जाताना हेच गाणे न्यावे, आवाज घरी ठेवता तेवढाच ठेवायला सांगावा, आणि मग साडेअकरा लाख किती उरतात ते पाहावे.

घरी करायचे ते असे. स्पीकर भिंतीपासून निदान दीड-दोन फूट पुढे आणि कोपऱ्यांपासून दूर घ्यावेत. त्यांचे ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर देणारे छोटे भाग, बसल्यावर कानाच्या उंचीला यावेत, आणि दोन स्पीकरांमध्ये जेवढे अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर आपण बसावे. मात्र पाठ भिंतीला टेकवू नये. हॉलच्या मधोमध उभे राहून टाळी वाजवावी. मागोमाग झणझणीत नाद आला, तर तो टाइल्सचा आणि काचेचा आहे. काचेवर जाड पडदा आणि स्पीकर व बैठक यांच्या मधल्या फरशीवर सतरंजी, शक्य असल्यास तिच्याखाली एक जुनी गोधडी घातली की तो पुष्कळ निवळतो. पडदा आणि गोधडी यांनी खर्जाचा घुमारा जात नाही, हेही सांगायला हवे. तो स्पीकर आणि खुर्ची अर्धा-अर्धा फूट सरकवून, डग्गा ऐकत ऐकत कमी करावा लागतो. जुन्या नाशकातील वाड्यांच्या माजघरात लाकडी तुळया, मातीच्या भिंती आणि गाद्या-तक्के असत. तिथे साधा रेकॉर्डप्लेअरही गोड का वाजे, याचे उत्तर यात आहे.

एक गोष्ट राहिली. त्या दालनात आपण पाऊण तास मोबाइल न पाहता, कुणाशी न बोलता बसला होता. घरी असे शेवटचे कधी बसलात, ते आपल्या पत्रात नाही.

प्रश्न : मी गंगापूर रोडवर राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. शहरातील एका दुकानात कधीकधी महागडे स्पीकर ऐकायला जाते. ते लोक चहा देतात, आदराने ऐकवतात. मी काहीही घेणार नाही, हे मला ठाऊक असते. हा अप्रामाणिकपणा आहे का? – एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : दारातच सांगितले तर नाही. ‘मला आज घ्यायचे नाही, केवळ ऐकायचे आहे, आपल्याला सवड असेल तरच,’ एवढे म्हणावे, आणि शनिवार-रविवारी व सणासुदीच्या गर्दीत जाऊ नये. दुपारच्या निवांत वेळी बहुतेक दुकानदारांना जाणकार श्रोता हवाच असतो, कारण त्यांच्याकडे येणारे अनेकजण संगीतापेक्षा किंमत अधिक ऐकतात. गिऱ्हाईक आले की आपण होऊन खुर्ची सोडावी. अप्रामाणिकपणा सुरू होतो तो याच्या पुढे : दुकानदाराचा तास खर्ची घालून तीच वस्तू दोन हजार रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून ऑनलाइन मागवणे मला योग्य वाटत नाही.

आपण जातच आहात, तर तुलना नीट करावी. दोन स्पीकरांपैकी जो १ डेसिबलनेही मोठा वाजतो, तो कानाला मोठा न वाटता ‘अधिक चांगला’ वाटतो. म्हणून मोबाइलवरील डेसिबल मोजणारे ॲप बसण्याच्या जागी धरून दोन्हींची पातळी आधी सारखी करून घ्यावी. आवाजाच्या पोताची बारकाव्यांसह आठवण काही सेकंदांपलीकडे टिकत नाही. त्यामुळे पूर्ण बंदिश इकडे आणि पूर्ण बंदिश तिकडे ऐकण्यापेक्षा तेच अर्ध्या मिनिटाचे आलाप लगोलग आलटूनपालटून ऐकावेत, बदलण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे आणि आपण डोळे मिटून बसावे. दुकानदार हसला तर हसू द्यावा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, पंचवटीत खोली घेऊन राहतो. दहा हजार रुपये साठले आहेत. हेडफोन घ्यावा की जुने मोठे स्पीकर? – एक विद्यार्थी

उत्तर : हेडफोन घ्यावा, तोही तारेचा. त्यात खोलीचा दोष उरत नाही, खोलीतील सोबत्यांशी भांडण होत नाही, आणि दहा हजारांच्या आत मिळणारा चांगला हेडफोन जेवढे बारकावे दाखवतो, तेवढे दाखवायला स्पीकरांना त्याच्या कितीतरी पट खर्च येतो. छातीत जाणवणारा डग्गा मात्र त्यात मिळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा संकेत आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकण्याचा आहे. परीक्षेच्या दिवसांत तो सहज ओलांडला जातो, तेव्हा सांभाळावे. जुने स्पीकर घेण्याचा मोह झालाच, तर समोरची जाळी काढून पडद्याच्या कडेची फोमची किनार बोटाने हलकेच दाबून पाहावी. ती बोटाला चिकटली किंवा तिचा भुगा पडला, तर किनार बदलण्याचा खर्च सांगितलेल्या किमतीतून वजा करावा आणि मगच बोलणी सुरू करावीत.